पाणमांजराच्या पोटातली गाळणी

७ जानेवारी २०१२, शनिवार

परत उशीर! खेळ एकला सुरू होतो हे तेवीस वर्षं ठरलेलं आहे, आणि माझा सख्खा भाऊ तीनला उगवतो. "शनिवारी मला काम आहे." कसलं काम? कारखाना शनिवारी बंद असतो. नोव्हेंबरपासून हेच चाललंय. खेळातले बाकीचे दोघं, गॉर्डी आणि ट्वायला, दोन-दोन तास माझ्या तळघरात बसून चीजचे तुकडे संपवतात, खेळ चालवणारी मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे मांडून बसते, आणि मग एल्डनसाहेब जिना उतरतात, तेही अर्धवट झोपेत.

आला तो आला, कोट काढला नाही. हीटर जोरात, गॉर्डी घामाघूम, आणि हा मनगटापर्यंत बाह्या ओढून. पेल्यातला बर्फ चघळायला लागला. पाणी नको, सोडा नको, नुसता बर्फ. मी खेळातली गोष्ट सांगतेय – शहराखालचा बोगदा तुंबलाय, पलीकडे माणसं अडकलीत, पाणी चढतंय – आणि मध्येच कडकड कडकड! पेला हिसकावून घ्यावासा वाटला.

बटाट्याचं सॅलड केलं होतं. आईच्या पद्धतीचं, बेकन परतून, व्हिनेगर घालून, गरमागरम. त्याच्यासाठीच केलं होतं. त्यानं काट्यानं ते इकडचं तिकडे केलं आणि बशी बाजूला सारली. तोंड मात्र चांगलं सुजलंय. बाहेर बिअर आणि सॉसेज हाणत असणार, दुसरं काय!

९ जानेवारी, सोमवार

पहाटेपासून बर्फ. शाळेच्या अकरा बस उशिरा सुटल्या, आणि प्रत्येक आईला फोनवर मीच सापडते. दिवसभर ओरडून घसा बसला.

डावी कूस ओढतेय. थंडीत ओढतेच. एल्डनला किडनी दिली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांत विसरून जाल. दोन वर्षं झाली. मी विसरले नाही. तो विसरला बहुतेक.

१४ जानेवारी, शनिवार

आज लिहून काढलं नाही तर फुटेन.

एल्डनचं पात्र म्हणजे ऑझिक. रूपबदल्या – एरवी माणूस, मनात आलं की पाणमांजर. १९८९ पासून तोच. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं ऑपरेशनमधून उठून पहिल्यांदा टेबलाशी बसलो, तेव्हा खेळातही तेच घडवलं. ऑझिकला विष चढलं, आणि हेस्पर नावाच्या म्हाताऱ्या नावाडिणीनं – तिचं बोलणं मीच बोलते – पोटातली गाळणी काढून त्याला दिली. गाळणी म्हणजे विष गाळणारा अवयव. आमच्या खेळातले वैद्य असले जिवंत अवयव सर्रास बसवतात. नियम सोपा आहे. प्रत्येकाचं अंगबळ दहा. घेणाऱ्याचं एक जातं. जिवंतपणी देणाऱ्याची दोन जातात. त्या दिवशी गॉर्डीनं ब्रँडी आणली होती, आणि टाके दुखेपर्यंत आम्ही हसलो होतो.

तेव्हापासून ऑझिक एकदाही पाणमांजर झालेला नाही. आज बोगदा आडवा आला. पोहून जाणार तो फक्त तोच. मग प्रश्न आलाच – रूप बदललं की गाळणीचं काय होतं?

खेळाच्या नियमांच्या छापील पुस्तकात रूपबदल्यांचं प्रकरण आहे. अवयव बसवण्याचंही आहे. ती दोन लिहिणारी माणसं एकमेकांशी बोलत नसावीत! एकात दुसऱ्याचा उल्लेख नाही. मग बाड काढलं.

बाड म्हणजे आमची काळी फाइल. तेवीस वर्षांत टेबलावर दिलेला प्रत्येक निवाडा तिच्यात आहे. पेनानं लिहायचा, पेन्सिलीनं नाही. ज्याला लागू होतो त्यानं शेजारी 'मान्य' लिहून सही करायची. मग तो मलाही बंधनकारक. पान फाडायचं नाही, कधीच. गॉर्डी आयुष्यभर लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करत आला, पण बाड त्याला वकिलासारखं पाठ. त्यानं बरोबर १९९४ चं पान उघडलं. त्याचंही पात्र रूपबदल्या, लांडगा होणारं. त्या लांडग्याच्या मांडीत बंदुकीची गोळी राहिली होती तेव्हाचं. खाली माझंच अक्षर – 'रूप बदलताना अंगावरचं गळून पडतं, अंगातलं अंगाबरोबर जातं.'

"तुझंच अक्षर आहे, बाई. आता वळवळू नकोस," गॉर्डी म्हणाला.

मी म्हटलं, गोळी मेलेली असते. आपण कुणाच्या मांडीत आहोत याचं तिला काही नाही. गाळणी जिवंत आहे, आणि दुसऱ्याची आहे. माणसाच्या अंगानं तिला कशीबशी घरात घेतली. पाणमांजराचं अंग कशाला घेईल? आणि मापाचं काय? माणसाच्या मापाची गाळणी तेवढ्याशा पोटात मावणार कशी? गॉर्डी म्हणाला, त्याचे बारा नंबरचे पाय मावतात ते चालतं का तुला? ट्वायला औषधांच्या दुकानात गोळ्या देते, तिला यातलं आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. ती एवढंच म्हणाली की परकं ते अंग ओळखतंच. कधीकधी सगळ्या गोळ्या वेळेवर घेऊनसुद्धा ओळखतं. बोलताना ती आपल्या फाशांकडे बघत होती.

आणि एल्डन? गाळणी राहते की जाते, याच्याशी त्याला घेणंदेणंच नाही! त्याचा एकच धोशा – गळून पडली तर हेस्परला तिची दोन परत मिळतात का? एकदा विचारलं. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, तुला काय करायचंय?

"नाही, मिळायला पाहिजेत," तो म्हणाला.

वा! म्हणजे घेतलेलं टाकून द्यायचं, देणारीच्या हातात तिचं परत कोंबायचं, आणि मोकळं व्हायचं. मनाला टोचणी नको!

निवाडा दिला नाही. बघून सांगते म्हटलं.

१७ जानेवारी, मंगळवार

गॉर्डी बसच्या आगारात चहा प्यायला आला आणि सहज बोलल्यासारखं बोलला – एल्डननं होडी विकून टाकली. बाबांची होडी! आता सरोवरावर जायला जमणार नाही, असं म्हणाला म्हणे. आणि महिनाअखेर राहती जागाही सोडतोय.

मला नाही सांगितलं. गॉर्डीला सांगितलं!

१८ जानेवारी, बुधवार

रात्रभर तेच डोक्यात. होडी गेली, जागा सुटली, शनिवारी 'काम'. ओरेगॉनला चाललाय. विसाव्या वर्षापासून ओरेगॉन ओरेगॉन करतोय, तिकडे समुद्र आहे, तिकडे हिवाळा नाही. मग आजारपण आलं आणि ते राहिलं. आता बरा झाला, चालला!

ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला मी सुट्टी काढून त्याला रक्त तपासायला मिलवॉकीला नेत होते. येताना नेहमीच्या जागी थांबून मासे खायचो. मग एकदम म्हणाला, तू नको येऊस, मी एकटा जातो, तुझी सुट्टी वाया जाते. मला बरं वाटलं होतं! शेजारणीला सांगितलं मी, पोरगा पायावर उभा राहिला म्हणून. पोरगा! सत्तेचाळीसचा घोडा.

फोन केला. "शनिवारी बोलू, व्हर्ना." आवाज असा, जणू मीच त्याची झोप मोडली. संध्याकाळचे पाच वाजले होते.

मला त्याचे उपकार नकोत. मी काही मागितलं नाही. पण माझ्या पोटातला एवढा मोठा तुकडा दोन हजार मैल लांब चाललाय, तर दारात येऊन सांगावं तरी! ठेवलेला कोट नेताना माणूस सांगून नेतो.

२१ जानेवारी, शनिवार

वादळ. खेळ रद्द. बरं झालं. आज समोर आला असता तर काहीतरी फेकून मारलं असतं.

२५ जानेवारी, बुधवार

निवाडा लिहिला. चारदा खोडून. आता बरोबर झालाय.

२८ जानेवारी, शनिवार

तीन वाजून दहा मिनिटं. कोट, बाह्या, बर्फ. सगळं तेच.

मी आडोसा उचलून बाजूला ठेवला. तेवीस वर्षांत त्याच्यामागे किती वाईट फासे पडले आणि मी किती चांगले सांगितले, ते माझं मला माहीत. गॉर्डीचा लांडगा कमीत कमी चारदा मेला असता. ट्वायलाची चेटकीण तर पहिल्याच वर्षी. मी कुणाला मरू दिलं नाही. आज म्हटलं, नाही. आज जे काय पडायचं ते सगळ्यांसमोर पडू दे.

वाचून दाखवलं – 'अंगात दुसऱ्याचा जिवंत अवयव असेल तर रूप बदलताना वीस बाजूंचा फासा. सहाच्या खाली पडलं तर अंग अवयव झिडकारतं. अवयव मरतो. देणाऱ्याचं गेलेलं अंगबळ परत येत नाही.'

गॉर्डी म्हणाला हा निवाडा नाही, मारहाण आहे. दोन वर्षांनी आठवला का नियम? ट्वायला म्हणाली, आज राहू दे व्हर्ना, आपण पत्ते खेळू. पत्ते! मी म्हटलं, मान्य नसेल तर बोगद्यातली माणसं बुडतात. बोला.

एल्डननं पेला खाली ठेवला.

"आणि दोष कुणाचा धरायचा?"

"ज्याला दिला त्याचा," मी म्हटलं. "त्याला सांभाळता आला नाही."

त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं. डोक्यात होडी होती, ओरेगॉन होतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ते बोलताना मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

"मग तेही लिही," तो म्हणाला.

लिहिलं. पेनानं. त्यानं बाड ओढून घेतलं, शेजारी 'मान्य' लिहिलं, सही केली. अक्षर वाकडं आलं. मग फासा टाकला.

चार.

एल्डनच बोलला, ऑझिकच्या जाडसर आवाजात. ऑझिक पोहतो. कुशीतून काहीतरी सुटल्यासारखं वाटतं, पण थांबत नाही. पलीकडे पोचतो, लोखंडी दार उघडतो, माणसं बाहेर काढतो. बस. मग आपल्या आवाजात म्हणाला, दमलो, येतो. फासे टेबलावरच टाकून गेला. त्याचे हिरवे फासे, ज्यांना तो कुणाला हात लावू देत नाही.

जिना चढताना दर दोन पायऱ्यांवर थांबत होता, कठडा धरून. नाटकं! मी वर बघितलंच नाही.

२९ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये त्याची जागा रिकामी. पाद्रीबाईंनी विचारलं, भाऊ बरा आहे ना? म्हटलं उत्तम आहे, माझ्यापेक्षा बरा आहे!

४ फेब्रुवारी, शनिवार

आला नाही. तीन वाजले, चार वाजले. हिरवे फासे तिथेच होते. गॉर्डी त्यांच्याभोवतीनं बशा ठेवत होता.

मी म्हटलं, सुरू करू या. गॉर्डी म्हणाला, काय सुरू करू या? पाणमांजर नाही, नावाडीण पांगळी, आणि खेळ चालवणारी चावरी. हसलं कुणी नाही. साडेचारला सगळे घरी.

नाही आला तर नाही आला. ओरेगॉनमध्ये खेळा म्हणावं!

८ फेब्रुवारी, बुधवार

फोन उचलत नाही. तीन दिवस. मीही आता करणार नाही.

केला. उचलला नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

खेळ नाही. ट्वायला एकटीच आली, आणि तीही पायरीवरच उभी. आत ये म्हटलं तर मान हलवली. नेहमी गप्पिष्ट बाई, आज दोन शब्द काढायला तिला घाम फुटत होता.

मी सुरूच झाले. होडी, जागा, ओरेगॉन, सुजलेलं तोंड, माझं टाकून दिलेलं सॅलड. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुकानात कोण काय न्यायला येतं, ते मी आईलासुद्धा सांगू शकत नाही. माझ्या तोंडाला कुलूप आहे, व्हर्ना. तुझ्या डोळ्यांना नाही."

म्हणजे काय? म्हटलं सरळ बोल. नाही बोलली. गाडीत बसली. काच खाली करून एवढंच – त्यानं तुझ्या घरी शेवटचं काय खाल्लं, काय नाही, ते आठव जरा.

दुकानातल्या लोकांना कोडी घालायची सवयच असते. काय खाल्लं! काही नाही खाल्लं. तेच तर म्हणतेय मी.

१५ फेब्रुवारी, बुधवार

गॉर्डीला गाठलं. ओरेगॉनचा पत्ता दे म्हटलं, पत्र तरी धाडते, चार शब्द सुनावते. तो माझ्याकडे बघतच राहिला. कुठलं ओरेगॉन? एल्डन इथेच आहे. बोलिंग खेळायच्या हॉलच्या मागच्या चाळवजा इमारतीत, तळमजल्यावर. त्यानंच दोन खोकी उचलून नेली होती. मग मला का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाला तू कधी विचारलंस? तू नुसती सांगत होतीस.

म्हणजे इथेच आहे! माझ्या घरापासून सात मिनिटांवर! आणि फोन उचलत नाही! ओरेगॉन तरी परवडलं. तिकडे गेला असता तर तोंड चुकवायला निदान कारण होतं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या जाते. दारात उभं करून विचारते. माझी किडनी घेऊन माझ्यापासूनच लपतोस?

१८ फेब्रुवारी, शनिवार

दोनला गेले. दार बंद. गाडीत बसून राहिले, काय काय बोलायचं ते जुळवत. अडीचला एक पांढरी गाडी आली. बाजूला पायरी असलेली. ती गाडी मला ओळखू येते. माझी किडनी मिळायच्या आधी चार वर्षं तीच त्याला डायलिसिसहून घरी सोडायची.

एल्डन उतरला. कोटाची एक बाही रिकामी. दंडाला पट्टी.

"कधीपासून?"

"नोव्हेंबर. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एक गोळी चुकवली नाही, व्हर्ना. ट्वायलाला विचार. अंगानं नाही घेतली, बस."

बर्फ. बटाटा नाही. पाणी मोजून. डायलिसिसच्या पथ्याची ती यादी तेव्हा मीच लिहून त्याच्या फ्रिजवर चिकटवली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"टेबलावर विचारून बघितलं आधी," तो म्हणाला. "तू लिहून दिलंस."

त्याला आत नेऊन निजवलं, बूट काढले. घरी आले आणि बाडातलं ते पान फाडलं. गॉर्डीला फोन करून सांगितलं, खेळ आता रविवारी. शनिवारी मला काम आहे.